चुडामणची थापड आणि गल्लीभरच्या गाद्या

"शांतीलालभाऊ घर दखाले येतीन ना, ते साखर वाटीसनच जातीन!" लोणखेड्याच्या चुडामणने आईला ठणकावून सांगितलं.

रेवाबाईने कपाळाला हात लावला. आधीची दोन स्थळं एकाच प्रश्नावर मोडली होती: "पोऱ्या करस काय?" पोऱ्या शहाद्याच्या बँडमध्ये झांजा वाजवायचा! हे ऐकून मुलींचे बाप चहाही न संपवता उठले होते. आता ब्राह्मणपुरीच्या शांतीलालभाऊंच्या मुलीचं स्थळ शेजारच्या दगूबाईने मोठ्या मिनतवारीने आणलं होतं. हेही गेलं की चुडामण जन्मभर दुसऱ्यांच्याच वराती वाजवणार!

पण ही एकसष्ट सालची गोष्ट, आणि चुडामणकडे आता डबल बास होता! माणसापेक्षा उंच, चार जाड तारा आणि पिंपासारखं पोट. बँडमालक पितांबर मास्तरांनी मुंबईच्या एका बंद पडणाऱ्या हॉटेलातून जुनी वाद्यं घेतली, त्यात हे धूड आलं. वरातीत ते उचलून चालणार कोण? म्हणून चुडामणने ते घरी आणलं. हॉटेलातल्या गोवेकर वादकाने ते शेवटचं वाजवलं, तेव्हा वाद्यं आणायला गेलेला चुडामण समोर उभा होता. तार ओढून अशी सोडायची की लाकडावर आपटली पाहिजे, आणि लागलीच तळव्याने थापड! टण्ण-फट्! ज्यावर साहेबलोक नाचले, त्यावर शांतीलाल डोलणार नाही?

पाहुणे यायच्या दिवशी चुडामण सकाळीच सरावाला बसला. बास उभा केला तर ओट्याच्या छपराला लागायचा, म्हणून खाटेवर आडवा केला. टण्ण-फट्! टण्ण-फट्!

"माय वं! पिंजारी उना!" दगूबाई धावत आली. दिवाळी सरली, थंडी पडली, तरी तार टणटणवत कापूस पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याचा पत्ता नव्हता. गल्लीतल्या गाद्यांचे नुसते गोळे झाले होते. तिने गादी उसवून सगळा कापूस तारांवर ओतला.

"मावशी, हाई पिंजण नही, वाजं शे!"

"मंग वाजाड ना! मी कोठे नही म्हनस? कापूसवर वाजाड!"

स्थळ आणणारीला नाही कोण म्हणणार? चुडामणने रागारागाने थापड मारली, आणि नशीब बघा, कापूस मोकळा होऊन भुरुभुरु उडाला! मग काय! घराघरातून गाद्या निघाल्या, उशा निघाल्या, रजया निघाल्या. दुपारपर्यंत ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि चुडामणच्या मिशा आजोबांसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"पाव्हना उनात!" कोणीतरी ओरडलं.

दारात शांतीलाल उभे! आता जे काय व्हायचं ते होवो म्हणून चुडामणने जीव ओतून वाजवलं. पहिल्यांदाच थाप अगदी ठेक्यात पडली! त्याचे डोळे भरून आले. थोडे आनंदाने, बाकीचे कापसाने.

शांतीलालनी चिमूटभर कापूस उचलला, बोटांत चोळला, फुंकला.

"वा! एक गाठ नही! पोऱ्या उद्योगी शे! मी ते कोनी झांजवाला शे म्हनीसन आयकेल व्हतं."

चुडामण तोंड उघडणार, तोच रेवाबाई म्हणाली, "तो दुसरा!"

साखर वाटली गेली. लग्न ठरलं, आणि ब्राह्मणपुरीहून निरोप आला: "लगीनले येताना ते मोठं धूड लई येज्यात. सगासोयरासले दखाडानं शे!"

चुडामणला आभाळ ठेंगणं झालं. शेवटी सासऱ्याला कला कळली! त्याने बास तेल लावून चमकवला, बैलगाडीत गवतावर निजवला आणि स्वतःच्या लग्नात स्वतः वाजवायच्या तयारीने निघाला.

अक्षता पडल्या. शांतीलाल जावयाला कौतुकाने मांडवामागे घेऊन गेले. तिथे सगळे सगेसोयरे जमले होते. प्रत्येकासमोर एकेक गादी होती, आणि वेळ जायला नको म्हणून शिवणी आधीच उसवून ठेवल्या होत्या.

चुडामणने नवरदेवाचा फेटा कानांपर्यंत खाली ओढला. कापूस केसांत गेला की आठवडाभर निघत नाही.