सासऱ्यांचं गाणं, माझा डबा

जेवताना बोलू नये, असं आई सांगायची. मी तोंडात वांग्याचं लोणचं असताना बोललो, आणि तेही फक्त तीन शब्द: "मी करतो की."

झालं होतं असं. ओबोन जवळ आला होता. पितर घरी यायचे दिवस. देवळापुढच्या मैदानात लाकडी मचाण उभं राहायचं, आणि त्याच्याभोवती अख्खी आळी गोल धरून नाचायची. मचाणावरून गाणं म्हणायचे माझे सासरे, तोकुझो इनागाकी. धंदा तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड चटया शिवायचा, पण आवाज असा की सुया आपोआप टोचल्या जाव्यात. साथीला वाजायची आळीची जुनी कॅसेट. त्या सकाळी टेपरेकॉर्डरनं तिची फीत चावून चावून शेवयांसारखी बाहेर टाकली होती. सासरे भाताच्या वाटीकडे बघत बसले होते.

"पितर वर्षातून एकदा येणार," ते म्हणाले, "आणि आपण त्यांना गाण्याशिवाय परत धाडायचं?"

तेव्हा मी ते तीन शब्द बोललो. (बायकोनं, म्हणजे सुमिएनं, टेबलाखालून पाय मारला. उशीर झाला होता.)

माझी बाजू समजून घ्या. मी घरजावई. निइगाताहून इकडे हामामात्सुला आलो, स्वतःचं आडनाव सोडून बायकोचं लावलं, त्याला आठ वर्षं झाली. सासरे मांजराला अरे-तुरे करतात, गिऱ्हाइकांना करतात, एकदा पोलिसालाही करताना मी ऐकलंय. मला मात्र अहो-जाहो. "तुम्ही जेवलात का?" "तुमची छत्री." उद्या जाणार असलेल्या पाहुण्याला द्यावा तसा आदर. त्यांनी मला एकदा 'अरे' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पाणीपट्टी खात्यातल्या कारकुनाला याहून मोठी स्वप्नं झेपत नाहीत.

आणि माझ्याकडे होतं माझं साउंड मोड्यूल. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पण तिच्या पोटात बासरी, शामिसेन, ढोल, व्हायोलिनं, शिवाय टेलिफोनची घंटा आणि हेलिकॉप्टरसुद्धा. हेलिकॉप्टर कुठल्या गाण्यात लागतं ते मला ठाऊक नाही, पण आपल्याकडे आहे या विचारानंच मी दोन रात्री हसत झोपलो होतो. डबा स्वतःहून काही वाजवत नाही. कॉम्प्युटरनं मिडीच्या भाषेत हुकूम सोडायचा, 'आता बासरी, हा सूर, एवढा वेळ', आणि डब्यानं तो पाळायचा. आमच्या ऑफिससारखंच, फक्त इथं काम होतं.

म्हणजे व्हायला हवं होतं. तीन दिवस डब्यानं हूं की चूं केलं नाही. मी पुस्तिका वाचली, उलटी धरून वाचली, डब्याला विनवण्या केल्या. शेवटी सुमिए कपडे घड्या करता करता मागे येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं की ही वायर कुठून कुठे गेलीय. मी सांगितलं, कॉम्प्युटरच्या 'आउट'मधून डब्याच्या 'आउट'मध्ये.

"म्हणजे दोघंही बोलतायत," ती म्हणाली, "आणि ऐकत कोणीच नाही. आपल्या घरची रीत बरोब्बर उचललीय."

वायर 'इन'मध्ये घातली आणि डबा बोलला! मी इतका हरखलो की सासऱ्यांना हाताला धरून आणलं. दुर्दैवानं बासरीची चाल मी डब्याच्या दहाव्या नंबरच्या कप्प्यात ठेवली होती, आणि दहावा नंबर या डब्यांत फक्त ढोल-झांजांसाठी राखलेला असतो. बासरीचा एकेक सूर म्हणजे एकेक थाळी, घंटा नाहीतर शिट्टी. मांजर कपाटावर चढलं. सासरे शांतपणे शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "तुमच्याकडे निइगाताला असंच वाजवतात वाटतं."

पण मी हटलो नाही. गाण्याच्या छापील पुस्तकातून एकेक सूर उतरवला, बासरी बासरीच्या जागी आणली, ढोलात थोडा घुमारा भरला. पुन्हा ऐकवलं तेव्हा सासऱ्यांनी डोळे मिटून मान हलवली. गालात हसल्यासारखे वाटले. माझी छाती फुगली.

उत्सवाच्या संध्याकाळी मी कॉम्प्युटर आणि डबा मचाणावर चढवला. खाली आळी जमली होती, सुती किमोनो, कमरेला खोचलेले पंखे, आणि सगळ्यांत पुढे नाचाच्या पुढारी हिबिनोबाई. सासरे माईकपुढे उभे राहिले. मी बटण दाबलं आणि मैदानभर बासरी उमटली, अशी स्वच्छ की माझ्याच अंगावर काटा आला. पहिली ओळ उत्तम. दुसरी उत्तम. तिसरी संपली आणि अख्खी आळी एकमेकांवर आपटली.

हिबिनोबाई मागे झुकल्या, त्यांच्यामागच्या पुढे निघाल्या. कोणाचा तरी पंखा देवळाच्या पुजाऱ्याच्या कानशिलावर बसला. सासरे श्वास घ्यायला थांबले होते. माझी बासरी थांबली नव्हती. पुढच्या कडव्यात ते बासरीच्या मागे धावत होते आणि त्याच्या पुढच्यात त्यांनी धावणं सोडून दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. त्यांच्या नजरेत घाबरल्यासारखं काहीतरी होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पितरांपुढे मी या माणसाला तोंडघशी पाडलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सुमिए मचाणाखाली आली.

"अहो, तिसऱ्या ओळीनंतर थांबवा! तिथं टेप अडकायची!"

"अगं, तो बिघाड होता."

"त्याच बिघाडावर आम्ही जन्मभर नाचतोय!"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेप दर कडव्याला त्या जागी क्षणभर अडखळायची, आणि त्या क्षणात आळीनं एक टाळी आणि मागे एक झोका बसवला होता. मुलं तसंच शिकली, त्यांची मुलंही. मी कधी नाचलोच नव्हतो. (आठ वर्षं दर उत्सवात मी आळीच्या नूडल्सच्या गाडीमागे कोबी चिरत होतो.)

पुढच्या कडव्याला तिसरी ओळ संपली आणि मी बटणावर अंगठा आपटला. शांतता. शंभर टाळ्यांची एक टाळी! सगळे मागे झुकले, सासऱ्यांनी श्वास घेतला, मी घाईघाईनं अंगठा उचलून पुन्हा दाबला आणि नाच पुढे सरकला. मी ओरडलोच आनंदानं. कधी लवकर दाबलं, कधी उशिरा, एकदा घामानं बोट घसरलं, पण मैदान असं रंगलं की कंदील विझवायला कोणी तयार होईना. नंतर हिबिनोबाई वर आल्या आणि कमरेत वाकून त्यांनी डब्याला नमस्कार केला. मला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी मी पक्की तयारी करून गेलो. थांबणं कॉम्प्युटरमध्येच लिहून ठेवलं, दर कडव्याला अगदी तेवढंच. आता हाताची घडी घालून बसायचं. टाळी पडली, झोका बसला, चूक एकही नाही. पण दोन कडव्यांतच पावलं जड झाली. खालून कोणीतरी म्हणालं की कालची मजा नाही, हे सिग्नलला थांबल्यासारखं वाटतंय, काल कसं खरोखर अडकत होतं.

सासऱ्यांनी हात वर करून गाणं थांबवलं आणि माझ्याकडे वळले. माईक चालूच होता.

"अरे," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, मांजर वर आलंय. मग कळलं की मला म्हणतायत. आठ वर्षांनी! माझे डोळे भरून आले, खाली सुमिएनं तोंडावर हात नेला, आणि मी पुढचं कौतुक ऐकायला ताठ उभा राहिलो.

"अरे, ते थांबणं-बिंबणं काढून टाक आणि अंगठा ठेव," सासऱ्यांचा आवाज मैदानभर घुमला. "डबा उत्तम आहे तुझा. पण बिघाड आम्हाला घरचाच लागतो."