मंडईच्या दिवशीचं गाव

परसरामकाका धानाच्या शेतात रस्ता ओलांडतात. म्हणजे तिथं रस्ता नाही. गुडघाभर धान आहे, मधून एक पायवाट जाते आणि चिखलात दोन-चार बगळे उभे असतात. पण काका त्या पायवाटेवर एका ठरावीक जागी थांबतात, उजवीकडे पाहतात, डावीकडे पाहतात आणि मगच पुढं पाऊल टाकतात. मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा सरळ चालत सुटलो, तर त्यांनी दंड धरून मला मागं ओढलं.

"मरतं का गा दिलीप? बायपास आहे हा!"

"कुठं आहे काका?"

"आराखड्यात आहे. पुढच्या हिशेबानं चालाची सवय कर."

'पुढच्या हिशेबानं' हा काकांचा मंत्र. आपल्या लुगड्यांच्या दुकानात बसून ते नवरीच्या आईला सांगतात, "रंग जरा पक्का घे बाई, नातीले पन नेसता आला पाह्यजे." गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या भंडाऱ्याकडचे लोक हळहळत होते. काका एकटेच खुशीत. "भाऊ वेगळे झाले का दोघाईचेही घर वाढते. आता आपलं गाव वाढते का नाही, पाहा!" गाव वाढलं नाही. काकांनी मात्र ते वाढल्याचं धरूनच वागायला सुरुवात केली.

त्यांचं घरच बघा ना. हातमागाची जुनी खोली पाडून नवं घर बांधलं, तेव्हा ते रस्त्यापासून इतकं मागं सरकवलं की पावसात दारापर्यंत पोचेतो पाहुणा भिजतो. का, तर रस्ता रुंद होणार. आत शिरल्यावर जिना लागतो. जिना वर जातो आणि उघड्या गच्चीवर निघतो, जिथं एक दाराची चौकट उभी आहे. नुसती चौकट, भिंत नाही. गच्चीच्या कडेनं लोखंडी सळया वर आलेल्या, त्यांच्या डोक्यावर गंजू नये म्हणून पालथ्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. हा सुनीलचा मजला. सुनील म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत. तो परत आला की हा मजला चढणार. तोवर कौसल्याकाकू त्या चौकटीला दोरी बांधून कपडे वाळत घालतात. "बाजारात तुरी, अन् भट भटनीले मारी," असं म्हणून त्या जिना झाडत खाली येतात.

पत्ता सांगण्यात तर काकांचा हात कोणी धरू नये. माझ्या साळ्याला त्यांनी एकदा एसटी स्टँडवर पत्ता सांगितला, "मोठ्या दवाखान्याच्या मागं, गार्डनच्या समोर." बिचारा तासभर दवाखाना शोधत फिरला आणि घोट्यापर्यंत चिखल माखून माझ्या दारात आला. त्या दिवसापासून तो आमच्या गावाला येतो तेव्हा आधी विचारतो, "आत्ताच्या गावात राहता की पुढच्या?"

असा माणूस नगरपंचायतीत निवडून आला आणि नियोजनाच्या समितीवर बसला, यात नवल नाही. बाकीच्या सदस्यांना पाण्याची समिती हवी होती, बांधकामाची हवी होती. वीस वर्षांनंतरचं गाव कोणालाच नको होतं. ते काकांनी आनंदानं घेतलं.

विकास आराखड्याचा कच्चा नकाशा भिंतीवर लागला आणि गावात कल्लोळ उठला. ज्याच्या शेतावर बागेचा हिरवा रंग आला तो ओरडत आला, ज्याच्या आला नाही तो शेजाऱ्याच्या शेतावरचा रंग बघून गालात हसत आला. बाग सगळ्यांना हवी, पण दुसऱ्याच्या शेतात. माझं झेरॉक्सचं दुकान नगरपंचायतीसमोर आहे. हरकतींच्या प्रती काढता काढता मशीन तापायचं. आराखड्यानं गावाचा विकास पुढं होईल तेव्हा होईल, माझा त्याच महिन्यात झाला.

काका सगळ्यांच्या हरकती शांतपणे ऐकत होते. त्यांचं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. गावाच्या पूर्वेला बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. तिच्या काठावर नव्या शाळेची आणि मैदानाची जागा राखली होती. नकाशा करायला आलेल्या नगररचनेच्या मॅडम सांगलीकडच्या, तरुण, हुशार आणि सरळ. त्यांनी सभेत स्पष्ट सांगितलं, "आहे त्याच शाळेत वर्ग रिकामे पडलेत. मुलं कमी होताहेत. नवी शाळा कोणासाठी? हे आरक्षण काढावं असं माझं मत आहे."

काका उभे राहिले. आवाज नेहमीचा नव्हता.

"मॅडम, एकदा नकाशावरून पुसलं का पुन्हा कोनी मांडत नाही जी. तुमी गाव पाह्यलंच नाही."

"दोनदा पाहिलंय मी."

"तवा गाव घरी नव्हतं. मी सांगतो त्या दिवशी या."

आणि काकांनी त्यांना मंडईचा दिवस दिला.

इकडं मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, एकेका गावाची एकेका दिवशी. पाळणे, मिठाईची दुकानं, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, नाटक. बाहेर गेलेला माणूस दिवाळीला एक वेळ येणार नाही, पण मंडईला येतो. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे भाऊ येतात आणि बायका त्या भावांकडं लग्नाच्या नजरेनं पाहतात. अशा दिवशी लोकसंख्या पाहायला सरकारी माणूस बोलवायचा, ही लबाडीच. मी काकांना तसं म्हणालोही. ते खरोखर गोंधळले.

"लबाडी काहून? मंडईच्या दिवशीचं गाव हेच खरं गाव आहे गा. बाकीच्या दिवशी ते बाहेर गेलं राह्यते."

मॅडम आल्या. त्यांची जीप वेशीवरच अडकली, पुढं त्या काकांच्या मागोमाग गर्दीतून पायी निघाल्या. मी सोबत होतो, कारण हे बघायचं सोडून दुकानात बसणं माझ्यानं होणारच नव्हतं. काका घराघरात शिरत होते.

"हा बाळाभाऊचा पोरगा, नागपूरले राह्यते. हे त्याचे पोट्टे. इकडं या, ही दिघोरीले दिलेली लेक..."

"पण काका, हे इथं राहत नाहीत."

"राह्यत नाहीत. पन आहेत ना!"

"पाहुणे आहेत ते."

"पाहुना कायचा? चपला कुठं काढाच्या ते कोनाले विचारलं का त्याईनं?"

मॅडम हसल्या. बोडीच्या काठावर तर त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. जिथं शाळेची जागा होती तिथं पाळणा लागला होता आणि शंभर पोरं एकदम ओरडत होती. काका त्या पोरांकडे असे बघत होते जणू शाळेची घंटा आत्ताच वाजलीय.

"जेवाले आमच्या घरी चाला," ते म्हणाले.

काकांच्या घरी शिरलो आणि बाहेरचा गलका मागंच राहिला. पडवीत दोन खाटांवर कोऱ्या चादरी घातल्या होत्या. भिंतीशी एक लहान मुलाची लाल सायकल होती, सीटवरचं प्लॅस्टिक अजून न काढलेलं. काकूंनी ढीगभर वडे तळले होते. खाणारं कोणी नव्हतं.

मॅडमनी जेवताजेवता सहज विचारलं, "तुमच्याकडे किती माणसं धरू?"

काकू स्वयंपाकघरातून लगबगीनं म्हणाल्या, "सहा सांगा ना जी. सुनील, सून, दोन पोट्टे. दोन पोट्टे तं शाळेतलेच होतेत. तेवढाच आधार होईन."

सगळ्या गावाचे भाचे, जावई, जावयांचे भाऊसुद्धा मोजून घेणारा माणूस ताटाकडं बघत राहिला.

"दोन लिहा मॅडम."

"का हो? तुमच्या हिशेबानं तर..."

"गावचे पोट्टे दरसाली येतेत. मी आपल्या डोळ्यानं पाह्यतो, म्हनून सांगतो. आमच्या पोराचा दरसाली फोनच येते." त्यांनी वडा मोडला, पण खाल्ला नाही. "जे दिसलं नाही ते कसं सांगू?"

मला फार वाईट वाटलं. नसलेल्या रस्त्यावर थांबणारा, नसलेल्या दवाखान्याचा पत्ता देणारा हा माणूस! आयुष्यभर जे दिसलं नाही तेच तर तो सांगत आला होता. मी काहीतरी बोलायला म्हणून वडा उचलला आणि खूप चांगला झालाय असं सांगितलं. काकूंनी लगेच आणखी दोन वाढले.

मॅडमनी वहीत दोन लिहिले. म्हणाल्या, "शाळेचं मी नाही पुसत. बाकी वरच्या लोकांचं मला माहीत नाही."

वरच्या लोकांनीही पुसलं नाही. शाळा नकाशात आहे, जागेवर अजून गवतच आहे. परवा मी काकांसोबत बोडीकडं गेलो होतो. बायपास आला. काका आपल्याच नादात, न थांबता सरळ पुढं निघाले. मी त्यांना दंड धरून मागं ओढलं.

"मरता का काका? बायपास आहे."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं.

"चाल," ते म्हणाले, "गेली गाडी. पुन्याची होती वाटते."