सासूबाई, मी आणि बंद काचा

सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी क्योटेराहून कंपालाला कशानं आणायचं, एवढाच प्रश्न होता. बायको म्हणाली, "मी जाते आणि शेअर टॅक्सीच्या व्हॅननं घेऊन येते." मी म्हणालो, "दारात गाडी असताना?"

बस, एवढे तीन शब्द. पुढचं सगळं त्या तीन शब्दांनी केलं.

गाडी साधीसुधी नव्हती. उंच, काळी, आत कातडी गाद्या, आणि बटणं इतकी की त्यातल्या निम्म्यांना मी अजून हात लावलेला नाही. जमीन नोंदणी कचेरीतल्या माझ्यासारख्या कारकुनाला ती मिळाली, कारण आमच्या निवृत्त होणाऱ्या साहेबांना ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती. किल्ली देताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, विरहानं. (आता वाटतं, सुटकेनं.)

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. दुखणं सगळं विजेचं. डावीकडं वळायचा दिवा लावला की मागचा वायपर हलायचा. उजवीकडचा लावला की रेडिओवर प्रवचन सुरू व्हायचं. एकदा चर्चच्या दारात हॉर्न जो अडकला, तो पाद्रीबाबांनी आशीर्वाद आवरता घेतला तेव्हाच थांबला.

"महागड्या गाड्यांचा स्वभाव असतो असा," मी बायकोला, नाम्यालोला म्हणालो.

"स्वभाव नाही हो, आजार आहे," ती म्हणाली. "आणि आईला त्यात बसवायचंय तुम्हाला?"

आता ही अडचण खरी होती. आमच्यात जावई आणि सासू एकमेकांना शिवत नाहीत, जवळ बसत नाहीत, समोरासमोर बोलत नाहीत. चुकून शिवलं तर दोघांच्या हातापायांना कंप सुटतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हल्ली शहरातले जावई हसतात याला. पण सासूबाई जुन्या वळणाच्या. चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी थेट एक शब्द आला नव्हता. मी अंगणात आलो की त्या मागच्या दारानं केळीच्या बागेत जायच्या. मला त्या ठाऊक होत्या त्या पाठीमागून.

तोड मी काढली. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये एक जाडसर कापड बांधायचं. मी पुढं, त्या दोघी मागं, सासूबाई पार डावीकडच्या कोपऱ्यात. नाम्यालोनं कापड ओढून बघितलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी होकार समजतो. (चौदा वर्षं समजतो आहे.)

डोळ्यांचे मोठे डॉक्टर मिशनच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच यायचे. सासूबाईंचा एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्यासमोर धुकं होतं. दुपारी दोनच्या आत त्यांना टेबलावर घ्यायचं ठरलं होतं. म्हणून आदल्या दिवशी मी बॉनेट उघडून सगळं स्वच्छ केलं. बॅटरीची टोकं तर काढून, घासूनपुसून, चांदीसारखी लख्ख करून परत बसवली.

सकाळी क्योटेराहून निघालो तेव्हा गाडी लोण्यासारखी चालली होती. मसाका गेलं, लुकाया गेलं. पडद्यामागून मायलेकींची कुजबूज ऐकू येत होती. सासूबाईंनी ठेवणीतला, खांद्यावर टोकं उभी राहणारा गोमेसी झगा घातला होता आणि ऑपरेशनसाठी सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. माझी छाती अभिमानानं फुगली होती.

ल्वेराची दलदल लागली आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले. लाल, पिवळे, आणि एक निळा, जो मी आजवर कधी पाहिला नव्हता. मग सगळे एकदम विझले आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन मुकाट उभी राहिली.

"स्वभाव?" पडद्यामागून नाम्यालोनं विचारलं.

मी बटणं दाबून पाहिली. शेवटी ती उतरली. "मी लुकायाहून मेकॅनिक आणते. तुम्ही उतरून बाहेर उभे राहा. आई आत बसेल."

तिनं दार लावलं. त्याच क्षणी गाडीत जीव आला, पण इंजिनात नाही. चारही दारं 'खट्ट' करून बंद झाली आणि कुठंतरी एक लहानसा दिवा समाधानानं लुकलुकला. मी दाराची कडी ओढली. किल्लीचं बटण दाबलं. काचेचं बटण दाबलं. शेवटी सगळी बटणं दाबली.

बाहेर नाम्यालो काचेवर हात आपटत होती. तिचा आवाज येत नव्हता, पण चौदा वर्षांच्या अनुभवानं शब्द कळत होते. तिनं एक मोटारसायकलवाला थांबवला, मागं बसली आणि गेली.

आणि आम्ही दोघं आत राहिलो.

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत बसलो. काही वेळानं पडद्यामागं चुळबूळ झाली. मग आवाज आला, हळू, पण ठाम.

"नाम्यालो, तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्याखालची गादी तापलीय."

नाम्यालो तर तेव्हा मैलभर लांब होती. पण रीत ती रीत. मी म्हणालो, "नाम्यालो, आईंना सांग, थंडीच्या देशातली गाडी आहे. तिथं गादी तापवायची सोय असते."

"त्याला विचार, इथं थंडी आहे का."

"नाही म्हणावं. आपोआप चालू झालीय. बंद होत नाही."

मग गोमेसीची सळसळ झाली. सासूबाई डावीकडच्या तव्यावरून उठून उजवीकडं, नाम्यालोच्या जागेवर, म्हणजे नेमक्या माझ्या पाठीमागं येऊन बसल्या. त्यांचा तरी काय इलाज होता.

त्या बसल्या आणि माझी सीट गुरगुरली. आधी ती मागं सरकली. मग तिची पाठ मागं कलायला लागली, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या उंटासारखी. मी बटणाशी झटापट केली. स्टिअरिंगला लोंबकळलो. पडद्याची गाठ सुटली. सीट थांबली तेव्हा मी छताकडं तोंड करून उताणा पडलो होतो आणि माझं डोकं व सासूबाईंचे गुडघे यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. त्यांनी पाय वर, गादीवर घेतले होते, आणि सुटलेलं कापड माझ्या तोंडावर टाकलं होतं.

(शवागारात असतात ना, तसा मी दिसत असणार. कारण तेवढ्यात रस्त्याकडेचे मासेवाले काचेशी जमले आणि त्यांच्यातल्या एकानं डोक्यावरची टोपी काढली.)

मी पोट आत ओढून कसाबसा बाजूच्या सीटवर लोळलो आणि तिथं अंग चोरून बसलो. कापड पुन्हा बांधलं. बाहेरून ऊन काचांवर आदळत होतं. गाडीत कातड्याचा उग्र वास दाटला होता.

"नाम्यालो," बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या. या वेळी आवाज वेगळा होता. "त्याला सांग, उशीर झाला तर झाला. मला घाई नाही."

"आईंना सांग, डॉक्टर पुढच्या महिन्यापर्यंत येणार नाहीत. डोळा तोवर थांबायचा नाही."

"ठाऊक आहे मला. त्याला सांग, मला भीती वाटते. उघड्या डोळ्यात सुरी घालतात म्हणे. मुलीला कसं सांगणार? ती रडते. म्हणून ही गाडी बंद पडली तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं."

मी धीराचे शब्द शोधत होतो आणि तोंडून भलतंच आलं.

"आईंना सांग, भीती मलाही वाटते. त्यांचीच वाटते. मागणी घालायला आलो त्या दिवशी आमची भाड्याची गाडी चिखलात रुतली होती. आम्ही भेटवस्तूंच्या टोपल्या डोक्यावर घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन तास उशिरा, चालत आलो. सगळं गाव हसलं होतं. तेव्हापासून मनात होतं की एकदा तरी त्यांना दारापासून नीट गाडीत बसवून न्यावं. म्हणून ही गाडी घेतली."

हे मी नाम्यालोलाही कधी सांगितलं नव्हतं. तिला मी सांगितलं होतं की गाडी स्वस्तात मिळाली.

मग सासूबाई म्हणाल्या, "नाम्यालो, तुझ्या वडिलांच्या मनात नव्हतं त्या दिवशी. वेळ पाळत नाही तो संसार काय करणार, म्हणत होते. मी आतल्या खोलीत होते. झापाच्या फटीतून मला नुसते पाय दिसले. चिखलानं भरलेले, एका पायातला बूट गेलेला. मी त्यांना निरोप पाठवला, जो या रस्त्यानं चालत येतो तो पोरीला टाकून जायचा नाही. म्हणून हो म्हटलं त्यांनी. गाडीतून आला असता तर काय झालं असतं, देव जाणे."

मी काचेबाहेर बघत राहिलो. पाण्यात एक बगळा उभा होता. मला त्याच्याकडं बघणं बरं वाटलं.

किती वेळ गेला कळलं नाही. सासूबाईंचा श्वास मात्र जड व्हायला लागला. मी हाक मारली, "नाम्यालो, आईंना विचार, बरं आहे ना?" उत्तर आलं नाही. मी घाबरलो आणि काचेवर थापा मारल्या. एक धिप्पाड मासेवाली हातभर दगड घेऊन पुढं झाली.

"फोडू?" तिनं खुणेनं विचारलं.

आणि काय सांगू, लाज वाटते, मी खुणेनं म्हणालो, ही नको, मागची लहान काच. तिनं मागच्या काचेवर दगड नेला. मी म्हणालो, जरा हळू. ती कपाळाला हात लावून उभी राहिली.

"वालुसिम्बी!"

चौदा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव त्या तोंडून आलं. पातळ, थकलेला आवाज, पण त्यात अख्ख्या सासरचं वजन होतं.

"काच महाग की मी?"

"फोडा!" मी ओरडलो. "हवी ती फोडा! सगळ्या फोडा!"

मासेवालीनं पुढची मोठी काच फोडली. वारा आत आला. आणि काचेचा शेवटचा तुकडा खाली पडतो न पडतो तोच, खट्ट, चारही दारं आपण होऊन उघडली.

मी उडी मारून बाहेर आलो आणि मागचं, दलदलीच्या बाजूचं दार उघडलं. त्या तिकडं सरकून उतरायला बघत होत्या. गाडी उंच, डोळ्यांपुढं धुकं, खाली उतार आणि उतारापलीकडं दलदल. पाय हवेत जमीन शोधत होता. त्यांचा तोल गेला. मी हात पुढं केला, आणि तो हात मध्येच थांबला. त्यांचाही थांबला.

मी पडद्याचं कापड ओढून काढलं, त्याचा पीळ केला आणि एक टोक त्यांच्या हाताजवळ नेलं. त्यांनी चाचपडून ते धरलं. दुसरं टोक मी दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून उभा राहिलो. माझ्याकडं न बघता, माझ्यावर सगळा भार टाकून, त्या एकेक पाऊल खाली उतरल्या. मासेवालीनं त्यांना सावलीत बसवलं. कापड मात्र त्यांनी लगेच सोडलं नाही.

एवढ्यात नाम्यालो मेकॅनिकला घेऊन आली. म्पान्गा नावाचा तो शांत माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, दोन बोटांनी काहीतरी फिरवलं आणि म्हणाला, "चालू करा." गाडी चालू झाली.

"काय होतं?" नाम्यालोनं विचारलं.

"बॅटरीचा नट ढिला होता. वीज येत होती, जात होती, त्यानं गाडी भ्रमिष्ट झाली. हल्ली कुणी काढला होता का? चकाकतोय अगदी."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बगळ्याकडं पाहिलं. बगळा उडून गेला.

सासूबाईंनी त्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. माशांची एक पिकअप कंपालाला निघाली होती. तिच्यात ड्रायव्हरशेजारी मायलेकी बसल्या आणि गेल्या. मी फुटक्या काचेतून वारा खात मागून निघालो. माझ्या गाडीच्या निम्म्या ताकदीची ती पिकअप मला दवाखान्यापर्यंत एकदाही दिसली नाही. दोनला दहा मिनिटं कमी असताना त्यांना आत घेतलं होतं. जाताना त्या घाबरलेल्या होत्या का, मी विचारलं. "हात थंड होता," नाम्यालो म्हणाली, "पण रडले मीच. ती म्हणाली, चिखलातून चालायचंय, एवढंच."

पुढचे आठ दिवस सासूबाई आमच्या अंगणापलीकडं, माझ्या बहिणीच्या घरी होत्या. मी रोज सकाळी हात पुढं करून बोटं थरथरतात का ते बघायचो. थरथरायची. पण ती गाडीच्या दुरुस्तीचं बिल बघून, की शिवाशिवीच्या जवळ गेल्यानं, हे ठरवता येईना.

नवव्या दिवशी पट्टी निघाली होती. मी फाटकाशी जुना सदरा घालून गाडी पुसत होतो. सासूबाई पलीकडच्या ओसरीवर येऊन बसल्या. पाठ फिरवायच्या आत त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि त्या बघतच राहिल्या. मी काच पुसायचं सोडून उभा राहिलो. चौदा वर्षांनी त्या मला पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

"नाम्यालो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हा गाडी पुसणारा माणूस मन लावून काम करतो गं. तुझ्या नवऱ्याला सांग, याला ठेवून घ्या. आणि बॅटरीलासुद्धा यालाच हात लावू दे. बिचारा उपाशी दिसतोय, त्याला काहीतरी खायला दे."

त्यांनी खरंच ओळखलं नाही की काय, मी बायकोला विचारलं. ती नुसती हसत होती. डॉक्टर म्हणतात, आता त्यांना सुईत दोरा ओवता येतो.

जावई आला की सासूबाई कोंबडी शिजवतात. त्या दुपारी मला फाटकाशी, उभ्यानंच, उकडलेला कसाव्याचा कंद मिळाला.