गृहीत धरायचं नाही

टिपणीसकाका कोणाच्याही घरी गेले की यजमानांच्या आधी फ्रिजला भेटतात. चपला काढायच्या, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला टेप सर्रकन ओढायचा, फ्रिजची रुंदी घ्यायची, मान हलवायची आणि मग विचारायचं, "काय, बरं चाललंय ना?" पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, हे दुरुस्तीवाले. मी त्यांना वॉशिंग मशीनसुद्धा दाखवलं. त्यांनी तेही मोजलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "मी खालच्या मजल्यावर राहतो. तुमच्या मुलीच्या पायाखाली."

मी मेले शरमेने. आमची मीरा तेव्हा दिवसभर सोफ्यावरून जमिनीवर उड्या मारायची. मी माफी मागायला लागले तर काका म्हणाले, "छे छे, मारू दे. मला घड्याळ लागत नाही."

तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत कोणीही घर बदलायचं म्हटलं की काका हजर. आयुष्य गेलं कोबेच्या बंदरात, एका व्यापारी कंपनीचा माल चढवण्या-उतरवण्यात. निवृत्त होऊन तोक्योला आले आणि जहाजं संपली म्हणून लोकांचे संसार हलवायला लागले. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेल्या, "दोन महिन्यांत येते" म्हणून. ते बाळ आता शाळेत जातं. काकांना विचारलं तर म्हणतात, "येईल की. तिकडे तिची गरज आहे." आणि लगेच टेप काढून आपलं दार मोजतात. जणू ते दार मधल्या काळात लहान झालं असेल.

त्यांचं एक वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. "गृहीत धरायचं नाही!" आमच्या वरच्यांनी गृहीत धरलं की सोफा आला तसा जाईल, तो जिन्याच्या वळणावर असा अडकला की दिवसभर सगळे त्याच्यावरून चढून ये-जा करत होते. काका त्यावरून चढताना प्रत्येक वेळी म्हणायचे, "धरलं ना गृहीत?"

तर आम्ही तोक्योतच, ओजिमाला, मोठं घर घ्यायचं ठरवलं. मी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तीन देशांतल्या लोकांकडून वेळेवर कामं करून घेते, असं माझ्या बायोडेटात लिहिलंय. त्यामुळे मी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ठणकावून सांगितलं, "या वेळी काकांना त्रास द्यायचा नाही. मी प्लॅन करते." आणि मी एक्सेलमध्ये इतकी देखणी शीट केली, इतके रंग भरले, की प्रत्यक्ष काम करायचं त्यात राहूनच गेलं.

जुन्या गादीचंच घ्या. मला वाटलं, गादी काय, खाली ठेवली की कोणीतरी नेईल. आपल्याकडे नेतातच. मी तिच्यावर जपानीत "कृपया घेऊन जा" असा कागद चिकटवला, वर फूलही काढलं. संध्याकाळी इमारतीचे व्यवस्थापक ती गादी आणि ते फूल दोन्ही घेऊन आमच्या दारात उभे. इथे मोठा कचरा टाकायचा तर आधी नगरपालिकेकडे दिवस ठरवावा लागतो, दुकानातून स्टिकर आणून चिकटवावा लागतो. मीराला हे शाळेत शिकवलेलं होतं. ती मला जपानीतच काहीतरी म्हणाली, त्यातला सूर मला बरोबर कळला.

गादी परत आत ओढत होते, तेवढ्यात जिन्यातून काका आले. त्यांनी आधी गादी मोजली.

"शुक्रवारी नेतील ती," ते म्हणाले. "मी तुमच्या नावाने दिवस घेऊन ठेवलाय."

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं आम्ही जातोय म्हणून?"

"अगं, वरती आठवडाभर चिकटपट्टीचा आवाज येतोय. राखीच्या पाकिटाला एवढी कोण लावतं?"

झालं. त्या दिवसापासून माझी शीट बंद आणि काकांचा टेप सुरू. मी शरण गेले, फक्त एक अट घातली. ज्या दिवशी नव्या घरात जाऊ, त्याच दिवशी तिथे दूध उतू गेलं पाहिजे. मला स्वतःला काही नाही हो, पण नाशिकला माझी आई आहे. या हिगाशी-कसाईच्या घरात आलो तेव्हा दमून तसेच झोपलो, दुधाचं राहिलं. तेव्हापासून निखिलचं प्रमोशन, माझी कंबर, मीराचं मराठी, सगळ्याचं खापर आई त्या न उतू गेलेल्या दुधावर फोडते. या वेळी तिने बजावलं होतं, "मला व्हिडिओवर दाखवायचं. दिवेलागणीच्या आत."

काका गंभीर झाले. "दूध त्याच दिवशी उतू जाणार. माझी जबाबदारी. वीज, पाणी, गॅस, तिन्ही मी बघतो. तू फक्त दूध आण."

मग काय विचारता! काकांनी ओजिमाचं घर मोजलं, लिफ्ट मोजली, बोळाचं वळण मोजलं. नव्या शेजाऱ्यांना इथल्या रीतीने भेट द्यायचे टॉवेल मोजले. डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचे मी आणले होते, त्यांनी आणखी एक आणायला लावला. "खालच्या मजल्याला विसरायचं नाही. मीराची ओळख त्यांना आधी करून दे. आवाज कोणाचा ते कळलं की माणसाला त्रास होत नाही." मी मान डोलावली आणि टॉवेलचा रंग कोणता घ्यावा यावर विचार केला. इतकी मी हुशार.

हलायच्या दिवशी सामानवाली मुलं सकाळीच आली. भिंतींना जाड गाद्या लावल्या, पायात स्वच्छ मोजे घातले, दर खोक्याला वाकून नमस्कार केल्यासारखं करून उचलू लागली. मला गहिवरून आलं. पाहुणे उपाशी कसे काम करणार, म्हणून मी पहाटे उठून सगळ्यांसाठी पोहे केले होते. मुलांनी वाकून वाकून नको म्हटलं. मी वाकून वाकून आग्रह केला. हे इतका वेळ चाललं की काका ओरडले, "रश्मी, सोड त्यांना, ट्रक थांबलाय!" शेवटी सगळे पोहे काकांनी खाल्ले. वर "लिंबू खोक्यात गेलं वाटतं" असंही म्हणाले.

देव मात्र त्यांनी ट्रकमध्ये ठेवू दिले नाहीत. "देव माल नाही." त्यामुळे आमचा गणपती आणि बाळकृष्ण टॉवेलात गुंडाळून काकांच्या मांडीवर बसून बसने ओजिमाला आले. शेजारच्या आजींनी वाकून पाहिलं आणि त्यांना वाटलं, तान्हं बाळ आहे. काका ऐटीत बसून राहिले.

दुपार उलटायच्या आत सगळं जागच्या जागी. फ्रिज जागेत असा बसला की मागे बोट जाईना. निखिल म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." मी पातेलं काढलं, दूध ओतलं, आईला फोन लावायला घेतला आणि गॅसचं बटण फिरवलं.

काही नाही. पुन्हा फिरवलं. टकटक, टकटक, आणि काही नाही.

इथे नव्या घरात गॅस सुरू करायला गॅस कंपनीचा माणूस स्वतः यावा लागतो, तोही आपण घरात असताना. तो दिवस आधी ठरवावा लागतो. हे कोणाला माहीत नसेल तर मला. काकांना माहीत नसणं म्हणजे सूर्याला पूर्व दिशा माहीत नसणं.

"काका, गॅसवाला किती वाजता येणार?"

काकांनी टेप ओढला आणि सोडला. "अरे," ते म्हणाले, "ते राहिलंच."

निखिलच्या हातातला डबा खाली पडला. टिपणीसकाका विसरले! मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात, तीनदा माफी मागून सांगितलं की आज शक्य नाही, उद्या सकाळी नक्की. बाहेर उन्हं उतरत होती. माझ्या डोळ्यांसमोर आई, कंबर, प्रमोशन, सगळं येऊन गेलं. मी काकांवर चिडणार होते, पण ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, आणि ओरडा खाणारं माणूस असं उभं राहत नाही.

"चला," ते एकदम वळून म्हणाले. "पातेलं घे, दूध घे. माझ्याकडे गॅस आहे. आणि जेवूनच जा आता, इथे काय करणार?"

असे आम्ही, ज्या इमारतीतून सकाळी निघालो, तिथेच संध्याकाळी पातेलं घेऊन परत. काकांचं घर नेहमीसारखं लख्ख. त्यांचा ओटा म्हणजे, त्यावर चहाचा थेंब सांडला तरी ते फडकं घेऊन धावतात. मी दूध ठेवलं, आईला फोन लावला. दूध वर आलं. माझा हात सवयीने बटणाकडे गेला तर काकांनी धरला. "जाऊ दे." दूध भस्सकन उतू गेलं, ओट्यावरून ओघळलं, त्यांच्या पांढऱ्या फरशीवर आलं. ते बघत राहिले. फडकं खांद्यावर तसंच.

"अगबाई, किती छान ओटा आहे गं नव्या घराचा!" आई फोनमध्ये म्हणाली. "लाभेल हो तुम्हाला हे घर."

मी फोन ओट्याच्या आणखी जवळ नेला. मीरा चक्क मराठीत म्हणाली, "आजी, हे काकांचं..." निखिलने तिच्या तोंडात लाडू कोंबला.

ताटं मांडलेलीच होती. चार. काकांनी वाढलं: भात, आमटी आणि डाळिंब्यांची उसळ. मोड आलेले, सोललेले, टपोरे वाल. माझा घास हातातच राहिला. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. आज ठरवून आज होणारी भाजी नव्हे ती.

मीरा जेवता जेवता गुडघ्यांवर उसळत होती. काका मात्र मध्येच मान वर करून छताकडे बघत. वर आता कोणी नव्हतं.

"काका," मी हळूच विचारलं, "वाल कधी भिजत घातले?"

"परवा."

"परवा तुम्हाला कसं ठाऊक, की आज आम्ही इथे जेवायला..."

काकांनी मला उसळ वाढली. गच्च, अगदी ताटाबाहेर येईल इतकी. मग स्वतःच्या ताटाकडे बघत म्हणाले, "गृहीत धरलं."