बिळाला श्वास घेऊ द्या

एका जंगलात, जिथल्या कुणालाही आपलं घर वाईट दिसतं हे अजून कळलेलं नव्हतं, शालन नावाची एक सशीण राहत होती.

शालनचं बीळ करवंदीच्या जाळीखाली होतं. जाळी इतकी दाट की पाहुण्यांना बाहेरूनच हाक मारावी लागे. मग आतून शालनचा नवरा रणजित विचारी, "कोण आहे?" पाहुण्यांनी नाव सांगितलं तरी तो लगेच दार दाखवत नसे. दोनदा तीनदा विचारून खात्री करून घेई. रणजित हे नाव त्याच्या आईने फार आशेने ठेवलं होतं.

आत दोन खोल्या होत्या. एकीत शालन, रणजित आणि पिल्लं झोपत. दुसरीत सासूबाई झोपत आणि तिथूनच सगळ्यांना नावं ठेवत. मागच्या बाजूने एक अरुंद भुयार निघे, ते थेट ओढ्याकाठी उघडे. जेवण म्हणजे गवत. दिसलं की खायचं. त्याला कुणी स्वयंपाक म्हणत नसे.

शालन सुखी होती का? मुलांनो, तिने हा विचार कधी केलाच नव्हता. तो तिला करायला लावला कलावतीताईंनी.

कलावतीताई म्हणजे लांडोर. रोज सकाळी त्या माळावरच्या मोठ्या खडकावर येत आणि मान जराशी कलती करून घराविषयी बोलत. साधं घर कसं असावं, साधं जेवण कसं करावं, हिरवं जगणं कसं जगावं. जंगलातल्या साऱ्या जणी ऐकायला जमत. जिला यायला जमलं नाही तिला साळुंक्या घरी जाऊन सगळं सांगत, आणि सांगताना थोडं वाढवूनच सांगत.

"मैत्रिणींनो," कलावतीताई एकदा म्हणाल्या, "आपण निसर्गात राहतो. पण निसर्गाला घरात घेतो का?"

खरंच, कुणी घेतला नव्हता.

"तुमच्या घराचं दार डोळ्यांसमोर आणा. काटे! पाचोळा! येणाऱ्याला पहिल्यांदा काय दिसतं? तुमची भीती दिसते. दार मोकळं करा, मैत्रिणींनो. बिळाला श्वास घेऊ द्या."

शालन घरी आली आणि बिळासमोर उभी राहिली. इतकी वर्षं ती त्या दारातून आत-बाहेर करत होती, पण दाराकडे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. तिला फार वाईट वाटलं.

"अहो," ती आत जाऊन म्हणाली, "आपलं बीळ गुदमरतंय."

"कुणी सांगितलं?" रणजितने दचकून विचारलं.

"कलावतीताईंनी."

"त्या आल्या होत्या इथे?"

"यायला कशाला पाहिजे? त्यांना लांबूनच कळतं."

"मला काही गुदमरल्यासारखं होत नाहीये," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. पण सासूबाई प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत. पाऊस पडला तरी नाही आणि उघडला तरी नाही. त्यामुळे त्यांचं कुणी मनावर घेत नसे.

सुरुवात जेवणापासून झाली. कलावतीताई म्हणत, जेवण अगदी साधं हवं. शालनने साधं जेवण करायला घेतलं. त्यासाठी गवताचे कोवळे शेंडे ओढ्यापलीकडूनच आणावे लागत. ते दवात भिजवायचे, पळसाच्या पानात गुंडाळायचे, उन्हात ठेवायचे, पण कडक उन्हात नाही. मग सपाट दगडावर गोलाकार मांडायचे आणि मधे एक फूल ठेवायचं. फूल खायचं नाही. ते बघायचं.

हे सगळं होईपर्यंत सूर्य कलायला लागे. पिल्लं दगडाभोवती बसून रडत.

"आई, आधी आपण गवत खायचो ना?"

"ते गवत होतं, बाळा. हे साधं जेवण आहे."

रणजित कधी तक्रार करत नसे. तो कामावरून येतानाच बांधावर पोटभर चरून येई आणि घरी दोन शेंडे तोंडात धरून "वा!" म्हणे. सासूबाईंनी मात्र तिसऱ्याच दिवशी मधलं फूल खाऊन टाकलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला.

मग हिरवं जगणं आलं. घरातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, असं कलावतीताईंनी सांगितलं होतं. सशांच्या घरात वाया जाण्यासारखं काय असतं, मुलांनो? लेंड्या. आजवर त्या बाहेर टाकत. आता शालनने त्यांचं खत करायला घेतलं आणि ते बाहेर केलं तर दिसायला बरं नाही, म्हणून घरातच केलं. जागा एकाच खोलीत होती. सासूबाईंच्या.

"मी याच्या शेजारी झोपू?" सासूबाईंनी विचारलं.

"हे मातीचं देणं मातीला परत देणं आहे, आई."

"मग मातीत नेऊन टाक की!"

त्यानंतर सजावट आली. मागचं भुयार शालनला पहिल्यापासून खुपत होतं. नुसतं अंधारं भोक, कशात काही नाही. तिने त्याचा सुंदर कोनाडा केला. ओढ्यातले गुळगुळीत गोटे आणून एकावर एक रचले, त्यांच्या फटींत कुड्याच्या वाळक्या शेंगा खोचल्या आणि वर मोराचं एक पीस लावलं. साळुंक्या ते बघायला आल्या आणि बघून गेल्या. संध्याकाळपर्यंत जंगलभर बोलबाला झाला.

शालनला इतका आनंद कधी झाला नव्हता. पिल्लं झाली तेव्हासुद्धा साळुंक्या आल्या नव्हत्या.

पण दुसऱ्या दिवशी कळलं की शेजारच्या निर्मलाने आपल्या दारावरची अर्धी जाळी काढली आहे. निर्मला हीसुद्धा सशीणच. तिचं बीळ उताराच्या खालच्या अंगाला होतं, पिल्लं शालनच्या पिल्लांच्याच वयाची. कलावतीताईंनी खडकावरून तिचं नाव घेतलं. शालनला त्या दिवशी साधं जेवणसुद्धा गेलं नाही.

"आपण पूर्ण काढू," ती रणजितला म्हणाली.

"पूर्ण? शालन, जाळीमुळे आपण कुणाला दिसत नाही."

"तेच तर म्हणते मी! आपण कुणाला दिसतच नाही."

रणजितने एकदा जाळीकडे पाहिलं.

"तुम्हाला माझी आवड कधी कळलीच नाही," शालन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

रणजित भित्रा होता, पण वाईट नव्हता. तो मुकाट्याने उठला आणि करवंदीच्या बुंध्याला दात लावले. शालनही लागली. दोघांनी मिळून ती जाळी मुळापासून कुरतडली. हिरड्यांतून रक्त आलं, नाकाला काटे टोचले. संध्याकाळी दार संपूर्ण मोकळं झालं. मावळतीचं ऊन थेट आत आलं आणि पिल्लांच्या अंगावर पडलं. दोघंही दमून बाहेर बसून ते बघत राहिली. दिसत होतं मात्र खरोखरच सुंदर.

दुसऱ्या सकाळी कलावतीताई खडकावरून म्हणाल्या, "मैत्रिणींनो, प्रेरणा हवी असेल तर शालनताईंचं दार पाहा. पिंपळाच्या डावीकडे वळा, उतारावर या. शोधावं लागत नाही. लांबूनच दिसतं."

सगळ्यांनी माना वळवून शालनकडे पाहिलं. निर्मलानेही पाहिलं. गर्दीच्या मागच्या बाजूला, झुडपाच्या सावलीत, कोल्हा बसला होता. तो कलावतीताईंचं एकही बोलणं चुकवत नसे. घर-संसार, सजावट यांची त्याला मनापासून आवड होती.

ऊन कलताना शालन दगडावर शेंडे मांडत होती. दारात सावली पडली.

"शालनताईंचं घर हेच ना? फार ऐकलंय हो."

शालन फुलाची जागा ठरवत होती. तिने वर पाहिलंच नाही. "या ना, या! फक्त पाय पुसून या हं, आत्ताच सारवलंय."

कोल्ह्याने पाय पुसले. एकेक करून, नीट, चारही. तेवढ्यात रणजितला त्याची शेपटी दिसली.

रणजितने पिल्लांना पुढे लोटलं आणि सगळे आतल्या खोलीकडे, तिथून भुयाराकडे पळाले. भुयाराच्या जागी कोनाडा होता. गोटे अगदी पक्के बसले होते. शालनने ते फार मन लावून रचले होते.

"काढा! काढा ते!" शालन ओरडली आणि आपल्याच हातांनी शेंगा उपटू लागली. रणजित गोटे खणत होता. पिल्लं त्याच्या पोटाखाली दडली होती. कोल्हा खोलीच्या तोंडाशी आला आणि क्षणभर थबकला. "कोनाडा छान झालाय," तो म्हणाला.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी कोल्ह्याकडे पाठ केली, मागचे पाय खताच्या ढिगात रोवले आणि म्हाताऱ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून उडवलं. मातीचं देणं थेट कोल्ह्याच्या डोळ्यांत गेलं.

तो विव्हळत, डोळे चोळत असतानाच शेवटचा गोटा निखळला. पिल्लं गेली, शालन गेली, सासूबाईंना ओढून नेलं. रणजित शेवटी राहिला. कोल्ह्याने आंधळेपणाने तोंड घातलं, ते त्याच्या कानावर पडलं. अर्धा कान तिथेच राहिला. बाकीचा रणजित ओढ्याकाठी पोचला.

सगळे जिवंत होते. शालनने पिल्लांना पुन्हा पुन्हा हुंगलं. मग तिने नवऱ्याचा उरलेला कान चाटला.

"तुम्ही इथेच बसा," ती म्हणाली. "मी कलावतीताईंकडे जाते. त्यांचं घर केवढं असेल! आजची रात्र तरी घेतील आत."

साळुंक्यांनी तिला वाट दाखवली. ऐनाच्या एका उंच झाडावर, आडव्या फांदीवर कलावतीताई एकट्या बसल्या होत्या.

"ताई, तुमचं घर कुठे आहे?" शालनने खालून विचारलं.

"हे काय. फांदी."

"आणि दार?"

"फांदीला दार कुठलं असणार, शालनताई?"

"मग रोज घराविषयी..."

"घर असतं तर रोज बोलायला सवड झाली असती का?" कलावतीताई अगदी सहज म्हणाल्या. लाज वाटावी असं यात काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शालनने रडत रडत सगळं सांगितलं. कलावतीताईंनी मान कलती करून ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे चमकले.

"उद्या तुम्ही खडकावर या. तुमचा अनुभव तुम्हीच सांगा. फक्त कोल्हा हा शब्द नको. पाहुणे म्हणा."

"मी खरं काय ते सांगणार," शालन म्हणाली.

आणि तिला खरंच सांगायचं होतं, मुलांनो. सकाळी ती खडकावर चढली तेव्हा तिच्या ओठांवर तेच होतं. जाळी पुन्हा लावा, आपापली दारं झाका, पिल्लांना सांभाळा. इतक्या साऱ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. निर्मला पहिल्या रांगेत होती. आणि मागे, झुडपाच्या सावलीत, कोल्हा होता. त्याचे डोळे सुजले होते. तो उपाशी दिसत होता.

शालन त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, सगळ्यांनीच दारं झाकली तर हा काय करील? एकेक झुडूप हुंगत फिरेल. हुंगत हुंगत आपण दडू त्या झुडपाशीही येईल. पण एखादं दार उघडं असलं तर त्याला हुंगत फिरायची गरजच पडणार नाही.

"मैत्रिणींनो," शालन म्हणाली. आवाज थोडा कापला, पण सगळ्यांना ती भावना वाटली. "काल माझ्या घरी पाहुणे आले. न विचारता, सरळ आत आले. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. हे सगळं मोकळ्या दारामुळे. अर्धं मोकळं नाही. संपूर्ण."

निर्मलाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन तिने उरलेली अर्धी जाळी काढली.

शालन परतली तोवर रणजितने निवडुंगाच्या दाट बेटाखाली नवं बीळ खणायला घेतलं होतं. तिने सभोवार फिरून पाहिलं. एका बाजूला थोडा उजेड दिसत होता.

"इथे अजून काटे टाका," ती म्हणाली. "आणि पिल्लांना बाहेर गवत खाऊ दे. मांडत बसू नका."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. निर्मलाच्या घरी आता कुणी राहत नाही. दार मात्र फार देखणं आहे. कलावतीताई अजूनही त्याचं उदाहरण देतात. इतकं मोकळं, इतकं शांत घर जंगलात दुसरं नाही म्हणतात. ते बघायला लांबलांबून सशिणी येतात आणि प्रेरणा घेऊन जातात.

शालन त्या उतारावरून कधी जात नाही. वाट वाकडी करून जाते. खडकावर मात्र न चुकता जाते, आणि हल्ली कलावतीताईंपेक्षाही छान बोलते.

तात्पर्य : घर साधं असावं, मोकळं असावं, निसर्गाच्या अगदी जवळ असावं. फक्त ते शेजारणीचं असावं.