टेबलावरचा भूकंप

सोमवारी दुपारी चारच्या सुमारास लातुरात भूकंपाचा सौम्य धक्का बसला. जीवितहानी नाही. धक्क्याचं केंद्र माझ्या टेबलावर होतं, हे त्या वेळी मलाही ठाऊक नव्हतं.

नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाचा मी लातूरचा प्रतिनिधी. कार्यालय म्हणजे घरमालक धोंडप्पांच्या घराची रस्त्याकडची खोली आणि त्या खोलीतला कॉम्प्युटर. किल्लारीच्या भूकंपाच्या बातम्या धाडायला तो त्र्याण्णव साली आला, तेव्हापासून जागचा हलला नव्हता. सुरू केला की आधी कण्हायचा, मग खोकायचा, आणि मी चहा पिऊन परत येईपर्यंत पडदा उजळायचा. शेवटी मी जाहीर केलं, "आज याला नवी मेमरी, नवा सीडी ड्राइव्ह, नवी विंडोज! संध्याकाळची बातमी झेपावत जाणार!"

गंजगोलाईच्या बाजारातून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मोहसीन सुटे भाग घेऊन आला. झाकण उघडून आत डोकावत म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरचं इंजिन लावून राहिलो आपण."

"लावा. काम फक्त टापटीप पाहिजे."

टापटिपीच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. मोहसीनने आणलेल्या सीडीवर साधं नावही नव्हतं. मी जाड कागदाची चिठ्ठी कापली, तीवर सुवाच्य अक्षरात नाव, वार, तारीख लिहिली आणि भरपूर डिंक लावून ती सीडीवर चिकटवली.

त्याच दुपारी भिंतीपलीकडे याहून मोठी गोष्ट घडत होती. धोंडप्पा स्लॅबखाली झोपायला आले होते! किल्लारीकडच्या त्यांच्या गावात मातीच्या ढिगाऱ्यातून त्यांनी सख्खा भाऊ ओढून काढला होता. तो वाचला नाही. पुढे त्यांनी लातुरात बियाण्याचं दुकान थाटलं, पक्कं घर बांधलं, पण त्या घरात कधी पाठ टेकली नाही. निजायचं ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडात. यंदा जानेवारीत गुजरात हादरला तेव्हा तर जेवणाचं ताटही शेडात गेलं. मग थंडीने छाती भरली, खोकला हटेना, आणि त्यांच्या पत्नी उमाबाईंनी हट्ट धरला, "दुपारची येक डुलकी आत काढा. जमलं तर रातीचं बघू."

धोंडप्पांनी एकच अट घातली, उशाशी तांब्या पाहिजे. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघर ही रीत होती. पेला उपडा घालायचा, त्यावर तांब्या तोलायचा, तांब्यात खडे टाकायचे. जमीन हलली की तांब्या पडतो आणि माणूस पळतो. तांब्या भिंतीतल्या फळीवर बसला. त्याच भिंतीला इकडून माझं लोखंडी टेबल टेकलेलं होतं.

मोहसीनने सीडी आत सारली. यंत्र क्षणभर गप्प राहिलं, मग अंगात आल्यासारखं घुमू लागलं. टेबल थरथरलं. कपातला चहा थरथरला. पलीकडे तांब्या खणकन आदळला!

"भायेर निघा!" धोंडप्पा ओरडले.

सगळ्यांच्या आधी मोहसीन निघाला. त्याच्या पायात वायर अडकली, मशीन बंद पडलं आणि थरथर थांबली. धक्का ओसरला, अशी मी मनात नोंद केली आणि धावलो.

धोंडप्पा अंगणात पोचले होते. इकडेतिकडे पाहून ते एकदम माघारी वळले, पुन्हा स्लॅबखाली घुसले, आणि स्वयंपाकघरातून उमाबाईंना पिठाच्या हातांनिशी ओढत घेऊन आले. "शिवा शिवा!" एवढंच म्हणाले आणि मटकन खाली बसले.

ओरडा ऐकून समोरच्या बसवराज सरांच्या क्लासची बॅच जिन्यावरून रस्त्यावर सांडली. मागून सर आले, हातात खडू. "सगळे जिवंत आहेत का? मग खाली बसा. घर्षणाचा धडा राहिलाय!"

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून नांदेडला डेस्कवरचे उपसंपादक जहांगीरभाई यांना बातमी सांगितली. ते म्हणाले, "सरकारी दुजोरा घ्या. मी पण इकडून विचारतो." मी एका सरकारी कचेरीत फोन लावला.

"हाव, धक्क्याची माहिती आलीय आमच्याकडं."

"कुणाकडून?"

"आत्ताच नांदेडहून पेपरवाल्यांचा फोन होता."

दुजोरा मिळाल्याचं मी जहांगीरभाईंना कळवलं.

गल्ली शांत झाली. उमाबाईंनी आत जाऊन तांब्या पुन्हा तोलला. मोहसीनने वायर जोडली, मी टेबलावर हात ठेवून उभा राहिलो. यंत्र घुमलं, हाताला मुंग्या आल्या, पलीकडे तांब्या खणकन! नुकतीच वर गेलेली बॅच पुन्हा खाली आली. मी सीडी बाहेर काढली. कललेल्या पगडीसारखी माझी चिठ्ठी एका कडेला सरकली होती. एका अंगाने जड झालेली सीडी फिरताना सगळ्या टेबलाला घेऊन नाचत होती.

मी अंगणात जाऊन धोंडप्पांना सीडी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"कागदाच्या चिठ्ठीनं घर हालतं व्हय?"

"घर न्हाई हाललं. ह्यांचं टेबल हाललं," उमाबाई म्हणाल्या. "अन् घर हाललं असं समजून बी तुम्ही आत आलाव की, माझ्यासाठी. मग निजायलाच काय होतंय?"

धोंडप्पांनी सीडी माझ्या हातात परत दिली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पेपरात येऊ द्या. धक्का नव्हता म्हणून छापलं, की त्या राती आत निजतो."

मी बूथकडे धावलो. जहांगीरभाई म्हणाले, "पान छपाईला गेलं, भाई. दुजोरा तुम्हीच दिला ना!"

मंगळवारी पहिल्या पानावर चौकटीत बातमी आली, 'लातूरला सौम्य धक्का'. धोंडप्पांनी ती दोनदा वाचली. मी लगेच खुलासा धाडला. बुधवारी तो आला नाही, कारण ऐनवेळी बसवराज सरांची पाव पानाची जाहिरात आली, 'भूकंपातही न थांबलेला क्लास!' गुरुवारी ती अर्धं पान झाली.

शेवटची माहिती हाती आली तेव्हा धोंडप्पांचं अंथरूण शेडातून निघून घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं. डोकं आत, पाय बाहेर. खोकला आहे. तांब्या फळीवर आहे. विंडोज अर्धीच बसली आहे. मालक पुरते आत निजेपर्यंत त्या यंत्राला हात लावायचा नाही, असा उमाबाईंचा हुकूम आहे. बातम्या मी हाताने लिहून एसटीने पाठवतो.

खुलासा उद्या नक्की घेऊ, असं नांदेडहून सांगण्यात आलं आहे. जाहिरात आली नाही तर.