बसतंयनाना

नाना माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कपाला हात लावण्याआधी त्यांनी बंडीच्या खिशातून एक पितळी पाणसळ काढली आणि माझ्या टेबलावर आडवी ठेवली. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा जरा डावीकडे सरकला. नानांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि डॉक्टरनं घरच्यांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणाले, "दोन सूत, म्हंजे पाव इंच. बाई, टेबल न्हाय, तुमची जमीन बसतेय."

मला त्या गावात शिक्षिका म्हणून येऊन चारच दिवस झाले होते. खोली भाड्याची होती, टेबल शाळेचं होतं. बसेल अशी जमीन माझ्या सात पिढ्यांत कोणाकडे नव्हती. तरी त्या रात्री मी खाट भिंतीपासून हातभर लांब ओढून झोपले, हे कबूल केलं पाहिजे.

अलिबागहून रेवसकडे जाताना खाडीच्या अंगाला आमचं गाव. भातशेती, मिठागरं आणि मध्ये भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाचा चिखल. गावात त्यांना सगळे 'बसतंयनाना' म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. नानांना त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं ते मुंबईत मोजणीच्या कामावर खलाशी होते. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. साहेब दुर्बिणीतून बघतो, तेव्हा समोर आकड्यांची उभी पट्टी धरून जो पुतळ्यासारखा उभा राहतो, तो मोजणीखात्यातला खलाशी.

"समुद्र बुजवून जिथं जिथं जागा केली, तिथं भिंतीत पितळेचा खिळा मारलेला," नाना सांगायचे. "दरसाल त्याच खिळ्यावर मी तीच पट्टी धरायचो. आणि दरसाल खिळा थोडा खाली. भिंत तीच, खिळा तोच, पट्टी धरणारा मीच. मग खाली गेलं कोण? मुंबई गेली! अख्खी न्हाय हां. जिथं भराव टाकला तिथली. समुद्राची जागा हाय ती बाई, तो सोडतोय व्हय?"

मे महिन्यात लाँचनं रेवसला उतरून चाकरमानी गावात आले, की नाना त्यांना वेशीवरच गाठायचे. "कुठं राहता?" पाहुण्यानं पत्ता सांगितला की नाना डोळे मिटून तो भाग आठवत. टेकडीवरचा, मूळ जमिनीवरचा पत्ता असला तर मान डोलवत, "झोपा सुखानं." भरावावरचा असला, की खिशातली पाणसळ चाचपत विचारत, "कितवा मजला?" वीस दिवसांची रजा घेऊन आलेला माणूस ती पुरी उपभोगू शकत नसे. एकानं तर तिसऱ्या दिवशी बायकोला तार केली, सामान खालच्या मजल्यावर बहिणीकडे हलव म्हणून. आता इमारतच बसली तर खालच्या मजल्याचं काय व्हायचं, हे त्याला सुचलं नाही आणि नानांनीही सांगितलं नाही.

लग्नात तर कहर. एकदा अक्षता पडायच्या बेतात असताना नाना पुढे झाले आणि त्यांनी बोहल्यावर पाणसळ ठेवली. "नवऱ्याची बाजू बसतेय," असं त्यांनी भर मांडवात जाहीर केलं. मुलीच्या मामाचा चेहरा पांढरा पडला. वरपक्ष उठायच्या गोष्टी करू लागला. शेवटी भटजींनी नवऱ्याच्या पाटाखाली फळीचा तुकडा सरकवला, नानांनी पुन्हा मापलं, "आता म्हणा मंगलाष्टकं," म्हणाले, आणि स्वतः पंगतीत जाऊन बसले. बसण्याआधी पाट दोनदा हलवून बघितला.

इथपर्यंत नाना म्हणजे गावाची करमणूक होती. बिनसलं ते शाळेवरून.

तोवर शाळा एका ओसरीत भरायची. स्वराज्य आलं, गावाला उमेद आली, आणि सरपंच रामभाऊंनी मनावर घेतलं की आपल्या शाळेला इमारत पाहिजे. जागा कुठे? भातशेतीची कोण देणार! तेव्हा खाजणाचा एक तुकडा बुजवायचं ठरलं. सारा गाव श्रमदानाला आला. बायकांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, मीही वाहिल्या. चिखलावर मुरूम, मुरुमावर दगड, आणि त्यावर चार महिन्यांत दगडमातीच्या भिंती, वर कौलं. मी इतकी सुंदर इमारत पाहिली नव्हती. माझी होती ना ती.

नाना रोज येऊन सांगत, "भराव कच्चा हाय. दोन पावसाळे खाऊ द्या त्याला. मग भिंती चढवा."

"नाना, दोन वर्षांत पोरांची शिकायची वयं जातील," रामभाऊ म्हणाले.

"वयं जातील. पोरं तर ऱ्हातील."

हे बोलणं अपशकुनी होतं. रामभाऊ चिडले, बायकांनी बोटं मोडली. उद्घाटनाला नानांना बोलावलं नाही. तरी ते आले आणि सगळ्यांत मागे, बांधावर बसून राहिले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर उत्तरेकडच्या भिंतीला केसासारखी चीर दिसली. नानांनी कुठूनशी काचेची पट्टी आणली आणि चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं चुन्यानं चिकटवली. भिंत हलली, तर काच आधी फुटेल. त्या दिवसापासून रोज सकाळी, मी कुलूप उघडायच्या आत, नाना दारात हजर. काच बघायची, "चला, बसवा पोरांना," म्हणायचं आणि जायचं. माझ्या शाळेत मुलांना बसवायची परवानगी मला रोज एक निवृत्त खलाशी देत होता. मी वैतागून एकदा म्हणालेही, "नाना, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" ते म्हणाले, "न्हाय बाई."

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, काच फुटलेली दिसली.

नाना दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले. मुलं पाटी-दप्तरासकट बाहेर पावसात. "एक बी पोर आत जाणार न्हाय," ते म्हणाले. आवाज एवढा चढला होता की ओळखू येईना. मी समजावलं, रागावले. रामभाऊ आले, तेही रागावले. सत्तरीच्या माणसाला उचलून बाजूला करायचं कोणाच्या मनात येईना. शेवटी मी मुलांना मारुतीच्या देवळात नेलं, म्हटलं एक दिवस.

एकाचे नऊ दिवस झाले; नाना शाळेच्या दारातून हलेनात. भिंत जशीच्या तशी. गावाला हसायला नवं निमित्त मिळालं. "काय नाना, बसली का भिंत, का अजून उभीच हाय दमलेली?" असं येता-जाता विचारायचे. देवळात मुलांचं लक्ष अभ्यासापेक्षा प्रसादावर. त्यात शाळातपासणीचे साहेब येणार असा निरोप आला. नवव्या दिवशी रामभाऊ देवळात येऊन म्हणाले, "बाई, उद्यापासून शाळेत बसा. नानांना आम्ही बघतो." मला तेच हवं होतं. मी मुलांना सांगितलं, "उद्या सगळ्यांनी पाट्या घेऊन शाळेत यायचं."

त्याच दुपारी, मुलं पाढे म्हणत असताना, भिंत पडली. पाऊसही नव्हता. आधी कौलं घसरल्यासारखा खडखडाट झाला आणि मग असा आवाज आला की देवळातली घंटा आपोआप किणकिणली. पडली ती उत्तरेची भिंत. पहिलीची मुलं तिला टेकून बसायची.

गाव तिकडे धावलं. नाना मात्र देवळाकडे धावत आले, अनवाणी, चिखलानं माखलेले. एखादं पोर मधल्या सुट्टीत तिकडे खेळायला गेलं असेल, ही भीती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली.

"मोजा, बाई."

मी मोजली. एकतीस.

"नावं घ्या. नावं घेऊन मोजा."

मी हजेरी घेतली. नाना खांबाला धरून डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक 'हजर'ला त्यांची मान जरा हलायची. एकतिसावं नाव झालं. मी वही मिटली.

"आणखी एक नाव घ्याल?" ते अगदी हळू म्हणाले. "यमुना."

गावात अशी मुलगी नव्हती. तरी मी वही पुन्हा उघडली. मी म्हटलं, "यमुना."

पहिलीत एक चिमुरडी होती, महिनाभरच झाला होता तिला शाळेत येऊन. कोणाचंही नाव घेतलं तरी तीच ओ द्यायची. ती मांडी मोडून उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "हजर, बाई!"

मुलं खदखदून हसली. नानाही हसले. हसता हसता खाली पायरीवर बसले आणि टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली.

संध्याकाळी रामभाऊ नारळ घेऊन देवळात आले. चार माणसांसमोर म्हणाले, "नाना, आमचं चुकलं. पोरं तुमच्यामुळं वाचली." नानांनी नारळ घेतला आणि मारुतीपुढे ठेवला. सगळे गेल्यावर आम्ही दोघंच पायरीवर उरलो. तेव्हा त्यांनी सांगितलं.

यमुना त्यांची मुलगी, एकुलती. मुंबईतच दिली होती, भरावावरच्या एका चाळीत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी खोलीच्या भिंतीला चीर पडली. शेजारची दोन बिऱ्हाडं हलली. यमुनानं बापाला बोलावणं धाडलं, कारण बाप मोजणीत होता. नाना रविवारी गेले. जावई, जावयाचे मित्र, शेजारी, सगळे भोवती जमले. नानांनी खिशातून पाणसळ काढली, भिंतीला लावली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"मी काय साहेब होतो, बाई? मी पट्टी धरणारा. पण सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. जन्मात पहिल्यांदा कोण मला विचारत होतं. मी बोललो, कायबी होत न्हाय. नवीन भराव असाच बसतो, मग थांबतो."

पुढच्या पावसाळ्यात भिंत यमुनाच्या अंगावर आली. जावई गिरणीत होता, तो वाचला. गावाला एवढंच ठाऊक होतं की नानांची मुलगी मुंबईत पावसात गेली.

"चुकीचं माप बघितलं, असं लोक समजतील. माप बरोबर होतं," नाना म्हणाले. "बुडबुडा पार टोकाला गेला होता. मला दिसला होता. पण भिंत थांबंल का पडंल, ते साहेबाला कळायचं; जावयासमोर कसं बोलू, की मला यातलं कळत न्हाय?" मग म्हणाले, "ती निघाली होती, बाई. मी गेलो तेव्हा बोचकं बांधून दारात ठेवलेलं होतं. मीच सोडायला लावलं. माझ्या हातानं तिची भांडी परत फळीवर मांडली."

खाडीला भरती लागली होती. खाजणात पाणी चढल्याचा आवाज येत होता. 'उद्या शाळेत यायचं' हे माझंच वाक्य दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं. तीन वर्षं ज्या माणसाशी भांडले, त्याच्यापाशी ते बोलून टाकलं.

नानांनी विचारलं, "बाई, तुम्ही जेवलाव का दुपारी?"

मी नाही म्हटलं.

"मग चला. भात टाकतो."

ते उठले. पायऱ्या ओल्या होत्या. मी एक पायरी खाली उतरून हात पुढे केला, आणि इतक्या वर्षांत कोणाचा आधार न घेतलेल्या त्या माणसानं तो धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.